आधी हात धरा, मग रक्त काढा

अर्थरायटिस प्रोफाइल नावाचं एक पॅकेज असतं. आर.ए. फॅक्टर (रुमॅटॉइड या संधिवाताशी जोडलेली अँटिबॉडी), एएसओ, सीआरपी (अंगात सूज आहे का सांगणारी) आणि युरिक ॲसिड, चारही टेस्ट एकाच चिठ्ठीवर. जळगाव असो, धुळे असो की शिरपूर-शहाद्याकडचं एखादं गाव, सांधे दुखतात म्हणून कुणी कुठंही गेलं की आधी ही चिठ्ठी हातात पडते, आणि आता तर लोक इतके सरावलेत की डॉक्टरकडे यायच्या आधीच लॅबमध्ये जाऊन "ते वातनं पॅकेज करी द्या" म्हणतात आणि फाईल काखेत मारूनच ओपीडीत येतात. मी विचारते, काय होतंय? उत्तर येतं, "मॅडम, माले आर.ए. पॉझिटिव्ह शे."

दुखतंय काय, कुठं, कधीपासून, ते सगळं नंतर.

पेशंटला काय बोलणार, ते आमच्याकडूनच शिकलेत. आणि आम्ही जिथून शिकलो तिथलीच ही गोष्ट आहे म्हणून लिहायला बसलेय. मी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हंजे सांध्यांच्या आजारांची स्पेशालिस्ट, नाहीये हे आधीच सांगते, साधी एमडी मेडिसिन, खान्देशातल्याच एका कॉलेजात पोरांना शिकवते, इंटर्न आणि रेसिडेंट हाताखाली असतात, आणि आठवड्याच्या ओपीडीत सांधेदुखीचे इतके पेशंट येतात की माझ्या मते एमबीबीएस होऊन पीएचसीला जाणाऱ्या पोराला हार्टच्या मर्मरपेक्षा सूजलेलं बोट ओळखता येणं जास्त उपयोगाचं आहे. (कार्डिओवाले सर वाचत असतील तर माफी असावी, पण आहे ते आहे.)

अभ्यासक्रमात हा विषय नाहीये असं नाही हं. २०१९ च्या बॅचपासून जो नवीन कॉम्पिटन्सीवाला अभ्यासक्रम आला त्यात मेडिसिनमध्ये रुमॅटॉलॉजीचा वेगळा टॉपिक आहे, सांध्याची तपासणी करून दाखवता आली पाहिजे असंही त्यात लिहिलंय. कागद चांगला आहे. प्रत्यक्षात होतं काय, तर दुपारच्या लेक्चरला, बाहेर भुसावळचं ऊन चव्वेचाळीसवर, पंख्याखाली दीडशे पोरं, आणि पहिल्याच स्लाइडवर टीएनएफ, आयएल-सिक्स, टी सेल, बी सेल, बाणच बाण. मग रुमॅटॉइड अर्थरायटिस, म्हंजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, त्यात वाकडी झालेली हंस-मान बोट आणि बटनहोल बोट यांचे फोटो. मग औषधांची यादी. झाली रुमॅटॉलॉजी. पोरांना विचारा, बटनहोल डिफॉर्मिटीत कुठला सांधा वाकतो, फटकन सांगतील, कारण एमसीक्यूला येतो. पण ते वाकडं बोट म्हंजे आजार येऊन वर्षं उलटल्यावरचा फोटो आहे ना! आपण पोरांना जळून गेलेलं घर ओळखायला शिकवतोय, धूर कुठून येतो ते कुणी दाखवतच नाही. औषधाचा सगळ्यात जास्त फायदा व्हायचा तो पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, जेव्हा हात बघायला जवळजवळ सरळच असतो, एक्सरे नॉर्मल असतो, आणि बाई फक्त एवढंच म्हणते की सकायमा मूठ वळता येत नही.

म्हणून आता मी पहिल्या तासाला इम्युनॉलॉजी काढतच नाही. फळ्यावर एक गाव काढते.

दोन हजार मोठ्या माणसांचं गाव धरा. पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे केला, कॉपकॉर्ड म्हणून जागतिक पातळीवरची योजना आहे त्यातला, आणि त्यात रुमॅटॉइड अर्थरायटिसचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. म्हंजे आपल्या गावात खरे पेशंट दहा. आर.ए. फॅक्टर हा रुमॅटॉइडच्या साधारण सत्तर टक्के पेशंटमध्ये पॉझिटिव्ह येतो, म्हंजे दहातल्या सातांना. आता उरलेले एकोणीसशे नव्वद, त्यांना हा आजार नाही. पण धडधाकट माणसांतही पाचेक टक्क्यांना आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह येतोच, वय वाढलं की अजून जास्त, वर टीबी, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हार्टच्या व्हॉल्व्हचं इन्फेक्शन यांतही येतो. पाच टक्के म्हंजे शंभर. आता सांगा, गावात शिबिर लावून सगळ्यांचं रक्त काढलं तर पॉझिटिव्ह किती? एकशे सात. त्यात खरे किती? सात.

इथे वर्गात नेहमी एक शांतता होते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "मंग बाकीचे शंभर कुठं गेले भो?"

बाकीचे शंभर आमच्या ओपीडीत आहेत बाबा. त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे झिजलेत, वजन वाढलंय, काहींना थायरॉइड आहे, काहींना व्हिटॅमिन डी नाही, काहींना नुसता थकवा आहे कारण पहाटे चारला उठून घरचं करून वर कापूस वेचायला जातात, आणि सगळ्यांच्या फाईलवर आर.ए. पॉझिटिव्ह असा शिक्का बसलाय, काही जण वर्षानुवर्षं गोळ्या खातायत. आणि शिबिरात निगेटिव्ह आले म्हणून घरी पाठवलेले ते खरे तीन, ते कुठं गेले, हे तर कुणी विचारतही नाही. मी विचारायला लावते.

एएसओची गंमत तर याहून भारी. ती टेस्ट घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसची, मागे कधीतरी इन्फेक्शन होऊन गेलं एवढंच सांगणारी, शाळकरी पोराला ताप येऊन सांधे सुजले, एक बरा होतोय तोवर दुसरा धरला, असं असेल तर ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या विचारात उपयोगाची. पन्नाशीच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्याला तिचा काय संबंध? पण एएसओ चारशे आला म्हणून ऱ्हुमॅटिक फीव्हर धरून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं दुखरं इंजेक्शन घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. युरिक ॲसिडचंही तेच, नुसतं वाढलंय आणि त्रास काहीच नाही तर सहसा गोळी लागत नाही, आणि उलट गाऊटचा, म्हंजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा, ॲटॅक ऐन भरात असताना ते नॉर्मलही येऊ शकतं. एवढ्यावर एक अख्खा तास जातो आणि जाऊ दे, माझ्या हिशोबाने तो वसूल आहे.

मग हात.

२०१० साली अमेरिका-युरोपच्या संघटनांनी मिळून रुमॅटॉइडचे जे निकष काढले, दहापैकी सहा मार्क मिळाले की रुमॅटॉइड धरायचा, ते पोरांना पाठ असतात. पण त्या मार्कांच्या आधी एक अट आहे ती वाचायची राहते: निदान एक तरी सांधा खरोखर सुजलेला असला पाहिजे आणि त्याला दुसरं काही कारण सापडत नसलं पाहिजे. सूज कोण ठरवणार? लॅब नाही. तुमची बोटं. आणि मार्क बघा ना, सांध्यांना जास्तीत जास्त पाच, अँटिबॉडीला तीन, सीआरपी-ईएसआर या सूजेच्या टेस्टना एक, मुदतीला एक. सगळ्यात मोठा वाटा हाताचाच आहे आणि आपण तोच शिकवत नाही.

तर क्लिनिकल पोस्टिंगला मी पोरांना आधी एकमेकांचे हात धरायला लावते. बोटाचा मधला सांधा, एका हाताच्या अंगठा-तर्जनीने वरखाली धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने बाजूंनी, मग एका जोडीने दाबायचं आणि दुसरीखाली काही फुगतं का बघायचं. हाड असेल तर कडक लागतं, सूज असेल तर मऊ, दाबलं तर थोडं हलणारं. किती दाबायचं? दाबणाऱ्याच्या नखाखालचा गुलाबीपणा जाऊन पांढरं पडेल इतकं, त्याच्यापुढे नाही. हे नखाचं एकदा दाखवलं की पोरं विसरत नाहीत, नाहीतर काही इतकी हळू धरतात की पेशंटला वाटतं नाडी बघतोय आणि काही एमएसईबीच्या खांबावर चढल्यासारखी पकड घालतात. मग चारही बोटांच्या मुळाशी आडवी पकड घालून हलकं आवळायचं, आणि बघायचं कुठं? हाताकडे नाही, पेशंटच्या तोंडाकडे. तसंच पायाच्या बोटांच्या मुळाशी. पायाचं सगळे विसरतात, चपला काढायला लावायचा कंटाळा.

आमच्याकडे एक मावशी नेहमी येतात, यावलकडच्या, रुमॅटॉइड जुना पण आता गोळ्यांवर छान आहे, एका मनगटात आणि दोन बोटांत थोडी सूज राहते. त्यांना मी विचारलं, पोरांना शिकवाल का, हात दाखवाल का? त्या आधी लाजल्या, मग अशा काही मास्तरीण झाल्या की काय सांगू. पोरगा चुकीच्या जागी दाबायला लागला की, "बेटा, तठे नही, आठे दाब." पोरगा मुंबईचा, त्याला आठे-तठे कळेना, तर त्यांनी त्याचा अंगठा धरून मनगटावर नेऊन ठेवला. त्या दिवशी त्या बॅचमधल्या सगळ्यांना सायनोव्हायटिस, म्हंजे सांध्याच्या अस्तराची सूज, काय असतो ते कळलं, माझ्या सगळ्या स्लाइड एका बाजूला आणि ती मावशी एका बाजूला. परदेशात पेशंटला रीतसर ट्रेनिंग देऊन सांधे तपासायला शिकवणारे म्हणून उभे करायचे प्रयोग बरीच वर्षं झालेत. आपल्याकडे का नको? अडचण एकच, त्यांचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. ते द्यायला कागदोपत्री खर्चाचं कुठलं हेडच नसतं, प्रोजेक्टरचा बल्ब आणायला असतं.

आता प्रश्न विचारण्याचं. १९९२ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी गॅल्स नावाची दोनेक मिनिटांची तपासणी काढली, चाल, हात, पाय, कणा, आणि सुरुवातीला तीन प्रश्न: स्नायू-सांधे-पाठ दुखते का किंवा आखडते का, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मस्त चीज आहे, प्रत्येक इंटर्नला आलीच पाहिजे, लहान पोरांसाठी पुढे २००६ मध्ये तिचीच पी-गॅल्स आली. पण धडगावच्या पाड्यावर जिना कुठंय? पोरगं निष्ठेने विचारतं, आजी जिना चढता येतो का, आजी म्हणते मना घरले जिना नही बेटा, आणि पोरगं लिहितं, नो डिफिकल्टी. तर आम्ही बसून आमचे प्रश्न केले, पोरांनीच केले खरं तर. जिन्याच्या जागी: एसटीची पायरी चढता येते का, शौचाला उकिडवं बसून उठता येतं का. कपड्यांच्या जागी: ब्लाऊजचं हुक लागतं का, धोतराचा काचा मारता येतो का. आणि सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं राहतो असं तर विचारूच नका, मिनिटं कोण मोजतंय. विचारा की सकाळी पीठ मळता येतं का की सुनेला सांगावं लागतं, भाकर थापताना हात कधी मोकळा होतो, पहिल्या भाकरीला की शेवटच्या, म्हशीची धार काढता येते का, हापशाचा दांडा दाबता येतो का. एका बाईने सांगितलं होतं, कळण्याची भाकर आता मी दहानंतरच टाकते, तोवर हात माझे नाहीत. यापेक्षा चांगली मॉर्निंग स्टिफनेसची हिस्टरी मला कुठल्या पुस्तकात दाखवा.

तरुण पोरांची पाठदुखी हा दुसरा मोठा खड्डा. पंचविशीचा गडी, कंबर दुखते, तर सगळे म्हणतात गाडी चालवतो, केळीचे घड उचलतो, दुखणारच, आराम कर. आरामाने वाढते हाच तर मुद्दा आहे! पहाटे दोन-तीनला दुखून जाग येते, उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं, असं असेल तर अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हंजे कण्याचा संधिवात, डोक्यात आलाच पाहिजे. पोरांना मी टेप खिशात ठेवायला लावते, साधी शिंप्याची. कंबरेच्या दोन खळग्यांच्या रेषेपासून खाली पाच आणि वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खुणा करायच्या, पेशंटला वाकायला सांगायचं, पंधराचे वीस तरी व्हायला पाहिजेत. नाही झाले तर विचार करा. टेपची किंमत एमआरआयच्या पुढे काय, काहीच नाही. आणि डोळा लाल होऊन दुखत होता का कधी, हे विचारायचं, कारण याच आजारात डोळाही सुजतो, आणि त्यासाठी तो डोळेवाल्याकडे जाऊन आलेला असतो आणि पाठवाल्याला ते माहीतच नसतं.

सोरायसिसचंही असंच, सांधा माझ्याकडे, खपली स्किनवाल्याकडे, आणि पेशंट दोन्हीकडे अर्धा अर्धा. केसांत बघा, कानामागे बघा, बेंबीत बघा, नखांवर बारीक खड्डे बघा. सांगून झालं.

खान्देशातल्या पोरांना अजून एक-दोन गोष्टी इथल्या म्हणून आल्याच पाहिजेत, ज्या लंडनच्या पुस्तकात दुय्यम असतात. नंदुरबारकडे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे. लहान बाळाचे हातपाय सुजून आले, किंवा विशीतल्या पोराची खुब्यात दुखून चाल बिघडली, तर आर.ए. फॅक्टर पाठवायच्या आधी सिकलची तपासणी करा, बाळाची ती सूज हाडातला रक्तपुरवठा अडल्याची असू शकते आणि पोराचा खुबा आतून मरत चाललेला असू शकतो. त्याला संधिवात म्हणून स्टेरॉइड देणं म्हंजे काय ते रेसिडेंटने स्वतःच विचार करून सांगावं. दुसरं चिकनगुनिया. २००६ च्या साथीत गावंच्या गावं वाकली होती, अजूनही पावसाळ्यानंतर येतोच, आणि त्यातले काही जण महिनोन्‌महिने दोन्ही हातांचे बारके सांधे घेऊन बसतात, हुबेहूब रुमॅटॉइडसारखे, निकषांतही बसतात. तिथे तापाचं विचारलं नाही तर फसलात. आणि कुष्ठरोग, टीबी हे तर आहेतच, बधिर चट्टा शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आता पुडी.

पुडी म्हंजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. अमक्या गावचे बाबा, तमक्या गावचा वैद्य, महिन्याची पुडी, दोन दिवसांत गुण. खरंच गुण येतो, म्हणूनच जातात लोक, त्यांना हसू नका. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड कालवलेलं असतं आणि स्टेरॉइडची जादू काय असते ते जगाने १९४८ मध्येच बघितलंय, अमेरिकेत मेयो क्लिनिकला फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन दिलं आणि आठवड्याभरात ती चालायला लागली, १९५० ला नोबेल पण मिळालं त्यांना, आणि तोवर त्याचे दुष्परिणामही दिसायला लागले होते. ही गोष्ट मी पुडीच्या निमित्ताने सांगते, मग पोरं लक्ष देतात. शिकायचं काय, तर चेहरा गोल झालाय का, मानेमागे गादी आलीय का, हाताची कातडी पातळ होऊन काळंनिळं पडतंय का, आणि अजिबात न रागावता विचारायचं की अजून कुठली पुडी किंवा पांढरी बारीक गोळी चालू आहे का. रागावलात की पेशंट नाही म्हणतो. आणि कळली की लगेच बंद करून टाका असं फर्मान सोडायचं नाही! वर्षभर घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर बीपी पडून पेशंट आयसीयूत येतो. हळूहळू कमी करायचं. हे इंटर्नला येत नसेल तर बाकी काही नाही आलं तरी चालेल असं मी म्हणते, रागाने म्हणते.

मेथोट्रेक्सेटचंही तसंच. रुमॅटॉइडचं नेहमीचं औषध, आठवड्यातून एकदा घ्यायचं. एकदाच. पण आपल्या लोकांना गोळी म्हंजे रोज, सकाळ-संध्याकाळ, आणि त्यात कहर म्हंजे मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड दोन्ही गोळ्या बहुधा पिवळ्या आणि बारीक. अदलाबदल होते, रोज खाल्ली जाते, आणि आठ-दहा दिवसांनी तोंडभर फोड, पाणी गिळवत नाही, रक्तातल्या पेशी सगळ्या खाली, अशी बाई वॉर्डात येते. प्रिस्क्रिप्शनवर इंग्रजीत वन्स अ वीक लिहून आपली जबाबदारी संपली का? म्हणून माझ्या युनिटमध्ये रेसिडेंटने वार लिहायचा, मराठीत, आणि तो वार तिच्या गावच्या बाजाराचा असला तर उत्तम, बाजाराचा वार बाई विसरत नाही. दुसऱ्या वाराला फॉलिक ॲसिड. मग तिच्याकडूनच वदवून घ्यायचं, कुठली गोळी कुठल्या दिवशी. लिव्हर आणि सीबीसी कधी बघायचं तेही. बाळंतपणाचं वय असेल तर ते आधी विचारायचं, लाजायचं नाही, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

रेसिडेंट लोकांचं वेगळं दुखणं म्हंजे सुई. सुजलेल्या गुडघ्यातून पाणी काढायला मेडिसिनची पोरं घाबरतात, ते ऑर्थोचं काम म्हणतात. अरे पण एकच सांधा, लाल, गरम, ताप, तर त्या सांध्यात पू नाही हे त्याच दिवशी सिद्ध करायचं असतं, रात्र गेली तर कूर्चा गेली. पाणी काढलं की आधी डोळ्यांनी बघा, सिरिंजच्या मागे छापील कागद धरा, अक्षर स्पष्ट वाचता आलं तर ते बहुधा झिजेचं पाणी, धूसर झालं तर सूज, अजिबात दिसेना तर पळा. मग सेल काउंट आणि कल्चरला पाठवा. मी ऑर्थोच्या एका चांगल्या सरांशी जमवून घेतलंय, आठवड्यातला एक दिवस दोन्हीकडची पोरं एकाच टेबलावर सांध्याचे पेशंट बघतात, आणि खरं सांगते, भांडणं कमी झाली. ऑर्थोची पोरं सूज ओळखायला लागली, आमची पोरं सुई धरायला. अवघड पेशंटसाठी पुण्याच्या एका रुमॅटॉलॉजिस्ट मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलतो, पेशंटला विचारूनच, पण अट अशी की आधी रेसिडेंटने सांध्यांचं चित्र काढून कुठं सूज कुठं नुसती दुखरी ते भरलेलं पाहिजे. नाहीतर ती फोन ठेवते. बरं करते. इकडचा पेशंट तसाही कुठं जाणार, नंदुरबारचा सुरतेला, रावेरचा बुऱ्हाणपूर-इंदूरला, बाकीचे नाशिक-पुण्याला, गाडीभाडं, एक रोज बुडालेला, सोबत एक माणूस. त्यातल्या कितीतरी जणांना इथेच सांभाळता येईल, एमडी झालेल्याला एवढं आलं पाहिजे.

परीक्षेचं बोलले नाही तर सगळं फुकट. फायनलच्या प्रॅक्टिकलला लाँग केस म्हंजे माइट्रल स्टेनोसिस (हार्टचा अरुंद झालेला व्हॉल्व्ह), पोटातलं पाणी, लकवा, छातीतलं पाणी. सांध्याची केस ठेवली की परीक्षकच कुरकुरतात, "याच्यात विचारायचं काय?" म्हणून पोरं वाचत नाहीत, आणि ती का वाचतील? निदान शॉर्ट केसला तरी एक हात ठेवा. पाच मिनिटं, सूज आहे की नाही, कुठल्या सांध्यात, दोन्हीकडे आहे की एकीकडे, एवढंच सांग. आर.ए. फॅक्टर किती होता ते विचारायचं नाही. आमच्या इंटर्नल परीक्षेत मी ठेवते, पहिल्या वर्षी पोरांनी शिव्या दिल्या असतील, आता सीनियर ज्युनियरला वॉर्डात नेऊन दाबायला शिकवताना दिसतात.

आणि जे आधीच डॉक्टर झालेत, गावोगावी दवाखाना टाकून बसलेत, त्यांचं काय? ते तर सगळ्यात आधी पेशंट बघतात. मागे एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी बोलायला गेले होते, रात्री, नंतर शेवभाजीचं जेवण, त्यामुळे गर्दी बरी होती. मी माझं पुराण लावलं, दोन हजारांचं गाव, शंभर पॉझिटिव्ह वगैरे. एक जुने डॉक्टर, पांढरी दाढी, ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाले, "मॅडम, बरोबर आहे हो. पण तिला उद्या कापूस वेचायचाय. मी नुसता हात दाबून पाठवली तर ती पुडीवाल्याकडे जाईल. मी करू काय ते सांगा."

खरा प्रश्न होता आणि लेक्चरमध्ये त्याचं उत्तर नव्हतं, मग खुर्च्या गोल करून बसलो. सूज नक्की हाताला लागली आणि ताप किंवा एकच लाल सांधा नसेल तर आधी पेनकिलर, ॲसिडिटी-किडनी-बीपी बघून. फारच अडलं असेल तर कमी डोसचं स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी, संपायची तारीख चिठ्ठीवर लिहून, शुगर बघून, आणि पेशंटला हे स्टेरॉइड आहे असं सांगून. सहा आठवड्यांत फिजिशियनकडे गेलीच पाहिजे, कारण मूळ औषध सुरू व्हायला उशीर नको. आणि सोबतच्या चिठ्ठीत चार ओळी: कुठले सांधे सुजलेत, किती आठवडे झाले, सकाळी हात कधी मोकळा होतो, आजवर काय काय दिलं. प्रोफाइलचा रिपोर्ट जोडला नाही तरी चालेल, पण या चार ओळी हव्यात.

ते म्हणाले, छापून द्या, मराठीत, खिशात मावेल असं. एका इंटर्नने हाताचं चित्र काढून त्याच्यावर सांध्यांना गोल केलेत, जो सुजला त्यावर फुली मारायची. पहिला ड्राफ्ट मावशींना दाखवला तर त्यांनी विचारलं, पाय कुठं शे? पाय काढायचेच राहिले होते. आता दुसरा चाललाय.